शिशाच्या पत्र्यांवरचे शाप

प्रश्न : इंग्लंडमधल्या बाथच्या संग्रहालयात देवीला लिहिलेले शाप आहेत, असे ऐकले. ते कशावर लिहिले आहेत? आज वाचता येतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतात, पण सहजासहजी नाही. बाथच्या गरम झऱ्यातून रोमन काळातले असे सुमारे १३० पत्रे निघाले, बहुतेक १९७९-८० च्या उत्खननात. पत्रे शिशाचे किंवा शिसे-कथिलाच्या मिश्रणाचे. टोकदार लेखणीने मजकूर कोरायचा, पत्र्याची घडी किंवा गुंडाळी करायची आणि झऱ्यात टाकायची. झऱ्याची देवी सुलिस मिनर्व्हा. तिच्यापुढे बहुतेकांचे गाऱ्हाणे भुरट्या चोरीचे. दोसिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. चोराची मती आणि डोळे देवळातच जावोत, एवढे त्याचे मागणे! आन्नियानसच्या बटव्यातली चांदीची सहा नाणी गेली. चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, ख्रिस्ती असो वा नसो, कुणीच सुटू नये अशी त्याची शब्दयोजना, आणि वर संशयितांची नावेही. पक्का कोर्टकज्जातला माणूस.

वाचनाची पहिली अडचण घडीची. शिसे मऊ खरे, पण गंजलेला पत्रा ठिसूळ होतो. घाईने उलगडला की घडीवरच तडा जातो आणि तिथले अक्षरही जाते. दुसरी अडचण प्रकाशाची. समोरून उजेड टाकला तर पत्रा नुसता चकाकतो, म्हणून दिवा बाजूने, जवळजवळ पत्र्याच्या पातळीवर धरतात. तरीही उजेडाच्या दिशेने जाणारी रेघ सावली पाडत नाही, त्यामुळे ती दिसतच नाही. दिवा चारी बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो घ्यायचे, ते याच कारणासाठी. त्यात लिपी रोमन घसटती, म्हणजे भराभर लिहिण्याची, आणि काही ठिकाणी अक्षरे मुद्दाम उलट क्रमाने. १८८० साली बाथमध्येच मिळालेला एक पत्रा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे प्रमुख निकल्सन यांनी १९०४ मध्ये ‘ख्रिस्ती माणसाचे पत्र’ म्हणून छापला. पुढे कळले, त्यांनी तो उलटा धरून वाचला होता!

प्रश्न : माझ्याकडे सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी डबीत आहेत. त्यांवर पांढरी भुकटी धरते. चिंचेने घासू का?
– एक संग्राहक, जुन्नर

उत्तर : मुळीच नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांतले आम्ल शिसे खाते. तुमची भुकटीही बहुधा आम्लानेच धरली आहे : लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून असेटिक आम्लाची वाफ सुटते, बंद डबीत ती साठते, आणि शिशाचा पांढरा कार्बोनेट बनतो. ओक लाकूड यात सर्वांत वाईट, म्हणून संग्रहालये शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत. नाणी आधी डबीतून काढा. प्रत्येक नाणे पॉलिथिनच्या वेगळ्या पिशवीत आणि पिशव्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. पीव्हीसीचे अल्बम टाळा. भुकटी फुंकू नका, ब्रशने उडवू नका. ती विषारी आहे. नाणी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. भुकटी काढण्याचे काम धातूंच्या जतनतज्ज्ञाकडे सोपवा, कारण सातवाहन नाण्यावरचा लेख पृष्ठभागाच्या पातळ थरातच असतो आणि घासताना आधी तोच जातो.