ठासणीची रायफल अंगाला बसते का?

कोकणात शेतराखणीला असते ती ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत नळीची. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफलीच्या नळीत मात्र पिळाचे आटे असतात. तशा रायफली अमेरिकेत आजही हाताने बनवून मिळतात. त्या घेऊ पाहणाऱ्या तिथल्या मराठी वाचकांचे हे प्रश्न.

माझी उंची पाच फूट. 44 इंची नळी घेऊ का?

नका घेऊ. 44 इंची नळीची रायफल एकूण साधारण 60 इंच भरते, म्हणजे तुमच्याएवढीच. दारू भरायला उभी केलीत की नळीचं तोंड कपाळाशी येईल. भरताना चेहरा त्या तोंडावर कधीच येता कामा नये. शिवाय दारू-गोळी ठासायचा गज नळीइतकाच लांब, तो उपसायला हात पुरणार नाही. 36 ते 38 इंची नळी बघा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर सहसा साडेतेरा-चौदा इंच ठेवतात. तुम्ही तेरा किंवा त्याहून कमी सांगा.

दस्ता कोपराच्या लवणीत टेकवून बोट चापाला पोचतं का, हे बरेच जण बघतात. त्यावर मी विसंबत नाही. त्यात मान आणि खांदा मोजलेच जात नाहीत. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत आपसूक दिसली आणि नाक व अंगठा यांत दोन बोटं जागा राहिली, तर दस्ता तुमचा. मान वाकवावी लागली, तर लाकडावरचे पट्टे कितीही देखणे असोत, ती रायफल परत ठेवा.

चंद्रकोरीसारखा दस्ता खांद्यात रुततो, गालही सुजतो.

तो खांद्याच्या खोबणीत लावायचाच नसतो. अंग आणखी आडवं करा आणि कोर सांध्याच्या बाहेर, दंडावर बसवा. गालाचं कारण वेगळं. तुमचा दस्ता बहुधा फार उतरता आहे; धक्क्याने तो वर उसळून गालफडावर आदळतो. दारू थोडी कमी करून पाहा. नवी बनवून घेणार असाल, तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा जुना कारागीर जेकब डिकर्ट याच्या धाटणीचा, रुंद टोकाचा आणि सरळ रेषांचा दस्ता मागा. धक्का रुंद टोकावर पसरतो.

मी डावखुरा आहे. उजव्या बाजूची चकमक चालेल?

चालते, पण चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या वाटीतल्या दारूचा भडका थेट चेहऱ्यासमोर उडतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा सगळ्यांनीच घालावा, तुम्ही तर हटकून. उजव्या हातासाठी दस्ता बाहेर, उजवीकडे, जरासा कललेला असतो. तुमच्या गालाला तो उलटा पडेल. हाताने बनवून घेताय, तर चकमक आणि कल दोन्ही डावे मागा.

वय 58. मागची खाच धूसर दिसते.

कारागिराकडून ती खाच नळीवर दोन-तीन इंच पुढे बसवून घ्या. माशी तशीही लांब असते, ती या वयात बहुतेकांना बरी दिसते.