टीव्हीवरच्या थराराची नक्कल नको

मॅन व्हर्सेस वाइल्ड ही जंगलात एकट्याने तग धरून दाखवणारी टीव्ही मालिका बघून तुला जंगलात जायची ओढ लागली, हे छानच. पण पडद्यावरचा माणूस एकटा नसतो. कॅमेरामन, सुरक्षातज्ज्ञ, दोर सगळं जवळ असतं. याच मालिकेतला नायक चित्रीकरणादरम्यान काही रात्री हॉटेलात राहिल्याचं २००७ मध्ये उघड झालं.

कड्यावरून, धबधब्यात उडी तर मुळीच मारू नकोस. तिथे नुसता पाय मोडला तरी जिवावर बेततं. पडद्यावर दाखवतात तशी लघवी पिऊन तहान भागत नाही, तिच्यातल्या क्षारांमुळे शरीरातलं पाणी उलट कमी होतं. साप चावला तर जखम चिरून विष चोखायचं नाही. हालचाल कमीत कमी ठेवून रुग्णालय गाठायचं. खरे धोके दिसायला साधे असतात: थंडी, तहान, अंधार. वाट चुकलीस तर भटकत राहू नकोस, एका जागी थांब. आणि निघण्याआधी मार्ग व परतायची वेळ घरी सांगून ठेव.