ग्लायडरमध्ये एक्ससीसोअर (उडताना नकाशा नि वाट दाखवणारं ॲप) चालवायला फोन घ्यावा की दुसरं काही?

प्रोसेसर-मेमरीचं राहू द्या, आधी स्क्रीन उन्हात धरून बघा. एक्ससीसोअर फुकट आहे, जुन्या अँड्रॉइड फोनवरही मजेत चालतं. पण भर दुपारी कॅनोपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) फोन तापतो आणि तापला की आपणहून उजेड कमी करतो. नेमकं थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधताना नकाशा गायब! पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनच दुकानात जा. काही स्क्रीन आडव्या धरल्या की काळ्याठिक्कर दिसतात.

माझं मत कोबोच्या ई-इंक रीडरला (कागदासारखी स्क्रीन असलेलं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र), अर्थात एक्ससीसोअर चालणारं मॉडेल बघून. कडक उन्हातही अक्षर न् अक्षर दिसतं, बॅटरीही कमी खातो. मात्र जीपीएस बाहेरून जोडावं लागतं. आणि तो बसवायचा माउंट स्टिकच्या (ग्लायडर चालवायच्या दांड्याच्या) किंवा कॅनोपी सोडायच्या दांड्याच्या आड येईल असा नको.