मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट गरम झाल्यावर अडते, मिस्त्री म्हणतो हायड्रोलिक पंप गेला. लगेच बदलू का?

पंप किंचाळतो असं तुम्ही लिहिलंय, पण कधी किंचाळतो ते लिहिलेलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. उपनगरातल्या मैदानावरचा २२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, मागे गवत कापायचं मशीन, अधूनमधून माती वाहायला भाड्याची टिपिंग ट्रॉली. सकाळी लिफ्ट मागचं मशीन उचलते, तासाभरात अर्ध्यावर अडते. नवा पंप टाकायचा का आणि मुंबईत कुठे मिळेल, हे तुमचे दोन प्रश्न. माझा कुर्ल्याला हायड्रोलिक दुरुस्तीचा गाळा आहे. काम जास्त फोर्कलिफ्टचं, पण पावसाळ्याच्या तोंडावर मैदानांचे छोटे ट्रॅक्टरही येतात. पंप खरंच गेला असेलही. पण कशाने गेला ते न शोधता नवा बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाणार.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या ट्रॅक्टरवरचा गिअर पंप दीडशे बारचं प्रेशर आरामात देतो (गॅरेजमध्ये याला 'दीडशे किलो' म्हणतात, फरक फार नाही). पण तेल आत घेताना त्याच्या मदतीला असतो तो फक्त बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे जेमतेम एक बार. तेल गाळणारी जाळी थोडी तुंबली, पाइपच्या जोडातली रबरी ओ-रिंग कडक झाली किंवा तेल कमी पडलं, की पंप उपाशी राहतो आणि ओरडायला लागतो. म्हणून बहुतेक पंपांचं दुखणं सक्शनच्या, म्हणजे तेल ओढायच्या, बाजूने सुरू होतं, आणि तिकडे कोणी बघत नाही, कारण तिथून तेल बाहेर गळत नाही. हवा आत जाते.

सकाळी गार इंजिनवर ओरडतो आणि नंतर शांत होतो? मग जाळी तुंबलेली आहे किंवा तेल गरजेपेक्षा जाड आहे. गरम झाल्यावरही ओरडतच राहतो? मग हवा. आवाज नाही, पण गरम झाल्यावर ताकद जाते? मग आतली झीज, कारण पातळ झालेलं तेल फटीतून मागे पळतं. तुमच्या केसमध्ये पहिलं किंवा दुसरं, आणि त्यातून झालेलं तिसरं, असा माझा अंदाज आहे.

माझा पहिला संशय भाड्याच्या ट्रॉलीवर. ट्रॉली उचलणारा तिचा जॅक ट्रॅक्टरच्याच हाऊसिंगमधलं, म्हणजे गिअरबॉक्सच्या पेटीतलं, तेल घेतो. ८० मिलिमीटर व्यासाचा आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकचा जॅक धरला, तर पूर्ण उघडल्यावर अडीच लिटर तेल त्यात जातं. छोट्या ट्रॅक्टरला हे सोसत नाही. पातळी सक्शनच्या तोंडाखाली उतरते आणि पंप हवा खातो. शिवाय ती ट्रॉली काल दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरला लावलेली होती. त्याचं तेल, त्याचा चुरा, त्याचं पाणी, सगळं जॅकमधून तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं. तेल तपासताना लिफ्ट पूर्ण खाली आणि ट्रॅक्टर सपाट जागी हवा. लिफ्ट वर असताना डिपस्टिक पाहून वर तेल ओतणारे बरेच भेटतात.

तेल पांढुरकं दिसत असेल तर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी निवळलं तर हवा होती, गढूळच राहिलं तर पाणी. आणखी पक्कं करायचं तर टाकाऊ तवा तापवून, चेहरा लांब ठेवून, त्यावर एक थेंब टाका. तडतडलं की पाणी आहेच. (घरातला तवा घेऊ नका, घरात राहायचंय.) मुंबईच्या पावसात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी शिरतं ते ब्रीदरमधून (पेटीच्या हवा खेळायच्या भोकातून) आणि गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून. कांगा लीगच्या (पावसाळ्यातल्या क्रिकेटच्या) दिवसांत गवत रोज वाढतं आणि मशीन आठवडाभर उभं असतं, तेव्हा हे हमखास.

हवा कुठून शिरते ते शोधायला एक जुनी युक्ती आहे. इंजिन आयडलवर ठेवून सक्शन पाइपच्या जोडांवर एकेक करून ग्रीस थापा, फिरत्या बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवून. ज्या जोडावर आवाज बदलला, तिथली ओ-रिंग बदला. कधी कधी दुरुस्ती एवढ्यावरच आटोपते.

एवढं करूनही फरक नसेल तर प्रेशर मोजायचा गेज लावा. गेज न लावता पंपाला दोषी ठरवू नये, हे माझं ठाम मत आहे. २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज ट्रॅक्टरवर ट्रॉलीचा पाइप जोडतात त्या टिपिंग आउटलेटला लावून लिव्हर दोन-तीन सेकंदच धरायचा. लिफ्ट नुसती वर नेऊन मोजू नका. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये वर पोचल्यावर व्हॉल्व्ह आपोआप न्यूट्रलला येतो आणि आकडा खोटा मिळतो. गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. रेस वाढवल्यावर प्रेशर चढत असेल तर पंप झिजलाय. कितीही रेस दिली तरी एकाच कमी आकड्यावर अडत असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) बघा. स्प्रिंग बसलेली असते किंवा सीटवर कचरा असतो. आणि इंजिन बंद केल्यावर लिफ्ट हळूहळू खाली बसत असेल, तर ते दुखणं सिलिंडरच्या सीलचं किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचं. पंपाचा त्यात संबंध नाही.

हे करताना गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत जातं, बाहेर फक्त टाचणीएवढी खूण दिसते, आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघा. तरीही लागलंच तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल. काही खोलायच्या आधी लिफ्ट जमिनीवर टेकवा, लटकत्या मशीनखाली जाऊ नका.

पंप उतरवलात की मिस्त्रीसमोरच उघडायला लावा. बॉडीच्या आत, सक्शनच्या बाजूला, दात्यांनी कोरलेला चंद्रकोरीसारखा पट्टा दिसेल. हलका पट्टा नव्या पंपातही पडतो. त्यावरून आणि बुशच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडकलं तर पंप संपला. मग सक्शनची जाळी काढून तिच्यातला चुरा पांढऱ्या फडक्यावर झटका आणि लोहचुंबक फिरवा. चिकटला तो गिअरचा. न चिकटणारी चंदेरी पूड पंपाच्या अॅल्युमिनियमची. काळा लगदा असेल तर बहुधा तेलातल्या ब्रेकच्या प्लेटांचा, कारण यातल्या बहुतेक ट्रॅक्टरना गिअर, ब्रेक आणि लिफ्ट यांना तेल एकच. म्हणूनच कंपनीने सांगितलेलंच तेल घाला.

आता खरेदी. कंपनीच्या डीलरकडे पार्ट नंबर सांगून मिळत असेल तर उत्तम. नाहीतर मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट, पण जुना पंप पिशवीत घालून न्या. दुकानदाराला एचपी सांगून उपयोग नाही. एका फेऱ्याला किती सीसी तेल, शाफ्ट कसला, फ्लँज (बोल्ट लावायची चकती), पोर्टचे आटे आणि फिरण्याची दिशा, एवढं जुळलं पाहिजे. ८ सीसीचा पंप २००० आरपीएमला हिशेबाने मिनिटाला १६ लिटर देतो. घाईत ६ सीसीचा घेतलात तर १२ वर आलात, लिफ्ट सुस्त झाल्यासारखी वाटणार. दिशा उलटी निघाली तर चालू करताच शाफ्टचं सील उडतं, आणि दुकानदार तो पंप परत घेत नाही.

बसवण्याआधी हाऊसिंगचं सगळं तेल काढा, तळ पुसून घ्या, जाळी धुवा, फिल्टर आणि ओ-रिंगा नव्या टाका. पंपात हाताने तेल भरून मगच बोल्ट आवळा, कोरडा फिरवू नका. पहिली काही मिनिटं आयडलवर, मशीन न लावता लिफ्ट वर-खाली करा, बुडबुडे गेले की पातळी पुन्हा बघा. आठवड्याभराच्या कामानंतर जाळी एकदा काढून पाहा. तिच्यात पुन्हा चंदेरी पूड दिसली तर हाऊसिंग अजून साफ झालेलं नाही. तेलाचा खर्च गेला तरी चालेल, पुन्हा काढून टाका.