विंडमिल पिचिंगमध्ये ग्लव्हच्या हाताचे काम

आपली मुलगी 13 वर्षांची असून सॉफ्टबॉलमध्ये उजव्या हाताने विंडमिल पिचिंग करते, म्हणजे हात वर्तुळात फिरवून चेंडू खालून टाकते. चेंडू सोडताना तिचा ग्लव्हचा हात पहिल्या बेसच्या दिशेने लांब फेकला जातो, आणि एका प्रशिक्षकांनी ‘ग्लव्ह मांडीवर जोरात आपट’ असे सांगितल्यापासून तिचा नेम अधिकच बिघडला आहे, असे आपण लिहिले आहे. चेंडू कधी बॅटरच्या अंगावर, तर कधी प्लेटपासून दूर जातो, हेही आपण सांगितले आहे. माझे मत असे, की ग्लव्हच्या हाताचे मुख्य काम धडाला वेळेवर रोखण्याचे आहे, आणि तो हात भरकटतो तेव्हा त्याचे मूळ बहुतेक वेळा पायांत सापडते. मांडीवर ग्लव्ह आपटणे आजच थांबवावे, आणि हाताला हात लावण्याआधी तिचे पुढचे पाऊल तपासावे.

आधी हालचाल समजून घेऊ. तिसऱ्या बेसच्या बाजूला उभे राहून पाहिले, तर उजव्या पिचरच्या हाताचे वर्तुळ घड्याळासारखे वाचता येते: तीनवर चेंडू कॅचरच्या बाजूला, बारावर डोक्याच्या वर, नऊवर मागे आणि सहाच्या आसपास रिलीज, म्हणजे चेंडू सुटण्याचा क्षण. सुरुवातीला दोन्ही हात जवळजवळ एकत्रच पुढे जातात आणि ग्लव्ह साधारण खांद्याच्या उंचीवर कॅचरकडे रोखलेला राहतो. चेंडू बारावर येईपर्यंत धड तिसऱ्या बेसकडे उघडलेले असते. पुढे चेंडूचा हात मागून खाली येऊ लागतो, त्याच वेळी ग्लव्हही शरीरासमोरून खाली येतो, कोपर वाकते, आणि रिलीजच्या क्षणी ग्लव्ह डाव्या बरगड्यांच्या किंवा कमरेच्या पुढे, अंगाजवळ असतो. या जवळ येण्याला फार महत्त्व आहे. फिरणाऱ्या वस्तुमानाचे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ग्लव्ह धडाच्या अक्षापासून निम्म्या अंतरावर आला, तर त्याचा वाटा एक चतुर्थांश उरतो. 12 इंच परिघाच्या चेंडूचे वजन 200 ग्रॅमपेक्षा थोडे कमीच असते. पिचरचा ग्लव्ह मात्र सहसा अर्ध्या किलोच्या पुढे जातो. चेंडूपेक्षा दोन-तीन पटींनी जड वस्तू सरळ हाताच्या टोकाला धरून बाहेर भिरकावली, की हात आपल्या हालचालीच्या शेवटी पोहोचताच डाव्या खांद्याला सोबत ओढतो, खांदा धडाला ओढतो, आणि कंबर रिलीजच्या आधीच कॅचरच्या दिशेपेक्षा पुढे वळून जाते.

हे वळणे डोळ्यांना फारसे जाणवत नाही, पण त्याचा हिशेब कठोर आहे. 43 फुटांवरून टाकलेला चेंडू पिचिंग प्लेटच्या (पिचर जेथून सुरुवात करते त्या पट्टीच्या) बराच पुढे सुटतो, त्यामुळे होम प्लेटपर्यंतचे प्रत्यक्ष अंतर साधारण 12 मीटर उरते. तेवढ्या अंतरावर दिशेतील एका अंशाच्या चुकीने चेंडू सुमारे 21 सेंटीमीटर सरकतो. होम प्लेटची रुंदी 17 इंच, म्हणजे सुमारे 43 सेंटीमीटर आहे. दोन अंश चुकले, की प्लेटच्या मधोमध जाणारा चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे प्लेटवरच्या वैध पट्ट्याच्या, बाहेर पडतो.

चेंडू दोन्ही बाजूंना का जातो, हा आपल्या प्रश्नाचा सर्वांत उपयुक्त भाग आहे. कंबर लवकर बंद झाली, की उजवा नितंब चेंडूच्या हाताच्या वाटेत येतो. चांगल्या रिलीजमध्ये कंबर अर्धवटच बंद झालेली असते आणि हाताला नितंबाच्या शेजारून सरळ जायला जागा मिळते; कोपराखालचा हात तेथे अंगाला निसटता स्पर्शही करतो आणि त्यानंतर मनगट व कोपराखालचा हात झपाट्याने आत वळतो. जागा बंद झाली, तर हातापुढे दोन पर्याय उरतात. तो नितंबाला वळसा घालून बाहेरून जातो, तेव्हा चेंडू उजवीकडे, म्हणजे उजव्या बॅटरच्या अंगावर जातो. किंवा वळत्या धडासोबत आडवा ओढला जाऊन उशिरा सुटतो, तेव्हा तो डावीकडे, उजव्या बॅटरपासून दूर जातो. दोष एकच असतो आणि परिणाम उलटसुलट दिसतात, म्हणून केवळ चेंडू कोठे पडला यावरून निदान करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

मांडीवर ग्लव्ह आपटण्याचा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, कारण त्याने हात बाहेर जाणे थांबल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मुलगी आवाज येण्यासाठी डावा खांदा खाली घालते, धड पुढे आणि डावीकडे झुकते, आणि आपटण्याचा धक्का बहुधा रिलीजच्या किंचित आधी बसतो. ज्या क्षणी शरीर स्थिर आणि ताठ हवे, त्याच क्षणी ते कोलमडते.

आता मूळ कारण. पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंत सरळ रेषा आखावी; पिचर तिला पॉवर लाइन म्हणतात. मुलीचे पुढचे पाऊल या रेषेच्या उजवीकडे, म्हणजे तिसऱ्या बेसच्या बाजूला पडत असेल, तर तिने स्वतःच आपल्या कमरेची वाट अडवलेली असते, आणि त्या अडथळ्यातून धड फिरवण्यासाठी शरीर ग्लव्हचा हात बाहेर फेकते. पाऊल रेषेवर पडूनही गुडघा दुमडत असेल किंवा छाती पाऊल टेकण्याआधीच पुढे झुकत असेल, तरीही हाच प्रकार होतो, कारण तोल सावरण्यासाठी मोकळा हात तेवढाच असतो. अशा वेळी ‘हात जवळ ठेव’ असे शंभरदा सांगूनही तो जवळ राहत नाही, आणि मुलीवर मात्र ‘ती ऐकत नाही’ असा शिक्का बसतो. हे मला फार अन्यायाचे वाटते.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये दोन चित्रीकरणे करावीत: एक तिसऱ्या बेसच्या बाजूने, दुसरे जाळीच्या आडून कॅचरच्या मागून. पूर्ण व्हिडिओ पाहत बसू नये. पाऊल टेकण्याची चौकट थांबवून पावलाची जागा, बोटांची दिशा आणि छातीचा कल पाहावा. पुढचे पाऊल साधारण 45 अंशांत तिसऱ्या बेसकडे वळलेले असणे योग्य. त्यानंतर रिलीजची चौकट थांबवून ग्लव्ह कोठे आहे आणि पोटाचा मध्य कोणाकडे आहे, हे पाहावे. चेंडू सुटल्यानंतर ग्लव्ह कोठे गेला, याला नेमाच्या निदानात मी महत्त्व देत नाही, कारण नामवंत पिचरांतही त्यानंतरचा शेवट खूप वेगवेगळा दिसतो. डावखुऱ्या कॅट ऑस्टरमनचे व्हिडिओ आपण पाहत असाल, तर सर्व दिशा आरशातल्यासारख्या उलटून घ्याव्यात.

पावलाची दुरुस्ती झाल्यावरही हाताची सवय काही काळ मागे राहते. तिच्यासाठी चेंडू बारावर, ग्लव्ह कॅचरकडे आणि पाय आधीच फाकलेले, अशा स्थितीतून जाळीत निम्म्या वेगाने चेंडू टाकावेत, आणि चेंडू खाली येताना ग्लव्हही त्याच तालात खाली आणावा. डाव्या बाजूला हाताच्या निम्म्या अंतरावर एखादी चादर टांगली, तर बाहेर जाणारा ग्लव्ह तिला लागतो आणि मुलीला न बोलता समजते. भिंत मात्र वापरू नये, कारण पूर्ण वेगात मनगटाला इजा होऊ शकते. ग्लव्ह न घालता काही चेंडू टाकून पाहावेत. नेम तेवढ्याने लक्षणीय सुधारला, तर ग्लव्ह तिच्यासाठी जड आहे असे समजावे आणि हलका घ्यावा. सामन्यात यांपैकी काहीही आठवून देऊ नये; तेथे एकच सूचना पुरे, ‘ग्लव्ह छातीसमोर’.

ही सूचना मी नेमासाठी जितकी देतो, तितकीच तिच्या चेहऱ्यासाठी देतो. स्ट्राइड, म्हणजे पुढे टाकलेले लांब पाऊल, संपते तेव्हा ती बॅटरपासून 43 फुटांपेक्षा बरीच जवळ पोहोचलेली असते, आणि सरळ परत आलेल्या चेंडूसाठी मांडीवर किंवा पाठीमागे गेलेला ग्लव्ह वेळेत वर येत नाही. फेस मास्क ती वापरत नसेल, तर सराव जाळीतला असो वा बॅटरसमोरचा, तोही सुरू करावा.