अंदमानात स्नॉर्केलिंग: आधी तिथी बघा, मग बीच ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: जानेवारीत पुण्याहून पाच दिवस अंदमानला चाललाय, सोबत आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी, पोहणं सोसायटीच्या टँकपुरतं. नॉर्थ बे, एलिफंट बीच, भरतपूर आणि जॉली बॉय, यांतलं स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खाली बघण्यासाठी) कोणतं घ्यावं?

नुसत्या नावावरून ठरवू नका. एकाच बीचवर एखाद्या सकाळी लांबचा मासा खवल्यांसकट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या पायातले फिन्सही धूसर होतात. हा सगळा फरक भरती-ओहोटी, वारा आणि ऊन यांचा. म्हणून तिकीट काढायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यापुढचे दोन दिवस उधाणाचे. त्या वेळी पोर्ट ब्लेअरकडे (आताचं श्री विजयपुरम) पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, प्रवाह ओढतो आणि वाळू ढवळली जाते. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस. चढ-उतार निम्म्यावर येतो, पाणी निवळतं आणि ओहोटीतही प्रवाळावर बऱ्यापैकी पाणी राहतं. लहान मूल बरोबर असेल तर सहलीचे मधले दिवस भांगात येतील असं बघा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (अष्टमीला सहा), तो हिशेब मात्र अंदमानात चालत नाही. तिथल्या वेळा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. पूर्ण भरतीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत पाण्यात असावं. ओहोटी जोरात लागली की उथळावरचा गाळ बाहेर वाहतो आणि सगळं दुधी दिसतं.

उन्हाची वेळही पुण्याच्या घड्याळाने धरू नका. अंदमान खूप पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. जानेवारीत तिथे साडेपाचच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. दुपारी साडेतीनला ऊन तिरपं झालेलं असतं आणि पाण्याखालचे रंग विझतात. साडेआठ ते साडेबारा ही खरी वेळ. भरती आणि ऊन दोन्ही जुळले तर उत्तम, न जुळल्यास उधाणात भरतीला मान द्या आणि भांगात उन्हाला.

तिसरी गोष्ट वारा. जानेवारीत तो ईशान्येकडून येतो. हॅवलॉकचा (स्वराज द्वीप) पूर्व किनारा, म्हणजे बहुतेक रिसॉर्ट जिथे आहेत ती बाजू, त्या दिवसांत खळबळते. एलिफंट बीच वायव्येला असल्याने तुलनेने आडोशाला आहे. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती तीच. जेट्टीवरून स्पीडबोट साधारण वीस मिनिटांत पोचवते. जंगलातून पायवाटही आहे, पण आई-बाबांना चिखल-मुळांतून अर्धा तास चालवू नका. सकाळची पहिली बोट घ्या. अकरानंतर गर्दी होते आणि शेकडो पाय वाळू उडवतात.

जॉली बॉय मला सगळ्यांत आवडतं, पण त्याचे नियम आधी समजून घ्या. ते पोर्ट ब्लेअरजवळच्या वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. वनखात्याचा परवाना लागतो, सोमवारी बंद असतं आणि प्लास्टिक नेता येत नाही. बेटाला जेट्टी नाही, मोठ्या बोटीतून छोट्या काचतळाच्या बोटीत उतरावं लागतं. वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर हे त्यांना विचारूनच ठरवा.

नीलवरचं (शहीद द्वीप) भरतपूर मुलीसाठी छान, उथळ आहे, पण फक्त भरतीला. ओहोटीत पाणी लांबवर मागे जातं, प्रवाळ उघडं पडतं, गुडघे सोलतात आणि शेकडो वर्षं वाढलेलं प्रवाळ एका पायाने मोडतं. आई-बाबांसाठी तिथली काचतळाची बोट पुरेशी आहे, तीही भरतीलाच. नॉर्थ बे पोर्ट ब्लेअर शहराजवळ, बंदराच्या तोंडाशी आहे. हॅवलॉकला जाणार असाल तर ते गाळा.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानचं उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, आणि नंतरही तसं झालं आहे. काही ठिकाणी राखाडी मोडतोडच दिसेल. मासे मात्र भरपूर.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नका. पाच मिनिटं उभं राहून रंग बघा. फिका निळा म्हणजे वाळू. वाळूत तुटक तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळ, हेच हवं. सलग गडद पट्टा बहुधा समुद्रगवताचा असतो. एकदम गर्द निळा म्हणजे खोली. मग एखादं वाळकं पान पाण्यात टाका आणि मिनिटभर बघा. पंधरा मीटरच्या आसपास सरकलं तर मुलीला उतरवू नका. हळू सरकत असेल तर ज्या बाजूकडून पान येतंय त्या बाजूला आधी पोहा, म्हणजे दमल्यावर परतीला प्रवाह मदत करेल. बहुतेक लोक उलट करतात आणि परतताना घाबरतात.

मगरींबद्दल लोक बोलायला टाळतात, मी टाळणार नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकवरच्या राधानगर बीचजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. खाडीचं मुख, खारफुटी आणि गढूळ पाणी यांच्या जवळ उतरू नका. संध्याकाळी तर नाहीच. लाइफगार्ड नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

साहित्यात जीव मास्कमध्ये असतो. केस मागे सारा, पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीतून पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. मुलीला मोठ्यांचा मास्क कितीही आवळला तरी गळणारच, तिच्या मापाचा इथूनच न्या. नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. आतून साधी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर दर मिनिटाला वाफ धरेल. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क तीन आठवडे आधी मागवा. पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे किंचित कमी नंबर चालतो. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका, पाणी शिरल्यावर तो झटकन निघत नाही.

भाड्याचं लाइफ जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर चढतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच मागा. पॅकेजमध्ये गाईड तुम्हाला तरंगत्या रिंगला धरायला लावून वीसेक मिनिटं ओढत नेतो. त्यात जॅकेटमुळे पाय खाली लोंबतात आणि प्रवाळाला लागतात. हात पुढे ताणून पोटावर आडवं व्हा, पाय आपोआप वर येतात. मान खाली घालून स्थिर झालात की आजूबाजूला फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. ती छोटी कोळंबी. त्यातच कुरकुर ऐकू आली तर शेजारी पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडत असतो. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, ती घाबरण्याऐवजी शोधायला लागेल. तिचे ओठ निळसर झाले किंवा हुडहुडी भरली की बाहेर काढा, पाणी कोमट वाटलं तरी अर्ध्या-पाऊण तासात मुलं गारठतात.

डिसेंबरात टँकमध्ये चार फुटांत तीन-चार वेळा सराव करा. नळीत मुद्दाम पाणी भरू द्या आणि ‘फू’ करून एका दमात बाहेर फेका. मग काठ न धरता पाच मिनिटं तोंड पाण्यात ठेवून संथ श्वास. घाबरणारा माणूस भराभर उथळ श्वास घेतो, तीच हवा नळीत घोळत राहते आणि गुदमरल्यासारखं होतं. आधी पूर्ण सोडायला शिका, घेणं जमतंच.

मुलीला सापडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा खिशात राहणार नाही हे परतताना बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तोही गुन्हा आहे आणि पोर्ट ब्लेअर विमानतळावर बॅगा तपासताना तो सापडतो.