पाऊस लांबला, पेरणी कधी?

प्रश्न : मृग कोरडा गेला. परवा एक सर आली आणि शेजाऱ्यांनी तिफण काढली. आम्हीही सोयाबीन पेरावं का? (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

उत्तर : थांबा. 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या. एका सरीनं काळ्या रानाचा वरचा थरच भिजतो. बी फुगतं, मोड येतो, खाली ओल नसल्यानं तो जागीच सुकतो. मग दुबार पेरणी आणि बियाण्याचा दुहेरी खर्च. शेजाऱ्याची तिफण बघून जीव वरखाली होणारच, होऊ द्या.

तोवर घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. आठवडाभरात 70 उगवले तर एकरी 30 किलो बी पुरे. 70 पेक्षा जितके दाणे कमी उगवतील, त्या प्रत्येकामागं एकरी अर्धा किलो बी वाढवा. पोती आपटू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं, अंकुर दुखावतो. पेरणी 3 ते 4 सेंमी खोल करा. जास्त खोल गेलेलं बी वर येत नाही.

सोयाबीनला 15 जुलैपर्यंत वेळ आहे. मूग-उडदाला तेवढा नाही. जुलैचा पहिला आठवडा उलटला तर त्यांचा नाद सोडून तूर घ्या.